पांढऱ्या ढिगांच्या पल्याड

तव्यावर भाकरी फुगत होती. दिशाची एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीवरून आमचं दोघींचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात दार वाजलं. आधी लागोपाठ दोनदा, मग जरा थांबून एकदा. टक-टक. टक.

मी फळीकडे धावले. लोणच्याची निळी बरणी खाली, काचेचे ग्लास खाली, दिशाच्या बाबांना सुप्याच्या कंपनीतून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ खाली, गादीवर. दिशाने एका वेणीनिशी टीव्हीला उशी लावून धरली. परसात सासूबाई शेळ्यांना शिव्या घालत आत ओढत होत्या. शेजारच्या भीमाबाईंकडे भांड्यांचा खणखणाट, त्यांच्या पलीकडे खिडक्यांची कवाडं उघडल्याचा आवाज. साऱ्या ओळीत हीच धावपळ.

आमच्या वस्तीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला खडीची खाण आहे. तिथे सुरुंगाचा बार उडायचा असला, की चांदभाई दारोदार येऊन असं वाजवून जातात. मग फळीवरचं खाली घ्यायचं, जनावरं बांधायची, लेकरं आत घ्यायची आणि वाट बघायची. आधी पायाखालची फरशी हलते, आवाज मागून येतो.

त्या दिवशी फरशी काही हलेना. भाकरी जळल्याचा वास मात्र आला.

दार उघडलं. चांदभाई उंबऱ्याबाहेर उभे होते. उंच, काटकुळे, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, हातात नेहमीची काठी. पण काठीला लाल फडकं नव्हतं.

“चाचा, बार केव्हा आहे?”

“बार? आज कुठला बार, सूनबाई? आज बार न्हाई.”

“मग दार असं का वाजवलंत?”

“मग कसं वाजवू? मला दुसरं येतंय कुठं!”

तोवर भीमाबाई पदर खोचून दारात आल्या होत्या. “भाई, माझं दूध उतू गेलं की वो तुमच्यापायी! बार न्हाई अन् बिर न्हाई, सकाळच्या पारी कशाला लोकांचा जीव उडवता?”

“काय म्हनल्या?” चांदभाईंनी कानामागे हात धरला.

“म्हनलं, दूध उतू गेलं!”

“चांगलं हाय की. गाय जास्त देतीया म्हनायची.”

भीमाबाईंनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या. आयुष्यभर बारांच्या आवाजात राहून चांदभाईंचे कान गेले आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. किती गेले आहेत, हे मात्र कुणालाच नक्की माहीत नाही. त्यांना सोयीसोयीने ऐकू येतं, असं माझं मत.

बार भरणारा माणूस वेगळा असतो, त्याला परवाना लागतो. चांदभाईंचं काम एवढंच, की लोकांना सांगायचं आणि सांगितलेलं झालंय का ते बघायचं. हे दुसरं काम त्यांना कुणी दिलेलं नाही, ते त्यांनीच अंगावर घेतलं. दार वाजवून पुढे जाणाऱ्यातले ते नव्हेत. उंबऱ्यातून वाकून फळीकडे बघणार. “ती निळी बरणी?” म्हणून विचारणार. बरणी खाली आली की मगच पुढचं दार. सगळी दारं झाली की टेकाडावर चढून ते लाल फडकं हलवतात, आणि ते हलल्याशिवाय खाणीत कुणी बत्ती देत नाही.

दिशा तान्ही होती तेव्हाची गोष्ट. रात्रभर रडून सकाळी तिचा नुकता डोळा लागला होता. मी दारातूनच हात जोडले. चांदभाईंनी पाळण्याकडे पाहिलं, मान हलवली आणि टेकाडावर जाऊन नुसते बसून राहिले. खालून खाणीतला मुनीम बोंबलतोय, “भाई, फडकं हलवा! भाई!” आणि भाई शांतपणे तंबाखू मळतायत. ऐकूच आलं नाही म्हणाले. दिशा उठली, मी तिला पदराखाली घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा कुठे फडकं हललं.

त्यांच्या स्वतःच्या घरात फळीच नाही. खाणीच्या सगळ्यांत जवळ तेच राहतात. जरीनाचाचींचा सगळा संसार जमिनीवर, भिंतीच्या कडेने मांडलेला. मी पहिल्यांदा ईदला गेले तेव्हा शीरखुर्म्याचं पातेलं ओलांडता ओलांडता राहिले. चाची हसल्या. म्हणाल्या, “दुसऱ्याच्या फळ्या उतरवनाऱ्याच्या घरी फळी कशी आसंल गं?”

तर ते चांदभाई त्या सकाळी फडक्याशिवाय आले, आणि मी चहा पुढे केला तरी बशी हातात धरून घुटमळत राहिले.

“शेठनी पाठवलंय,” ते म्हणाले. “घरटी सांगून ये म्हनले.”

शेठ म्हणजे गोरक्षशेठ, खाणीचे मालक. माणूस वाईट नाही. पाण्याचे टँकर स्वतःच्या खर्चाने पाठवतो, कुणाचं मयत असलं तर पोचतो. तालुक्यातला रस्ता रुंद व्हायचा होता, त्याला खडी हवी होती. पूर्वेची खाण बरीच खोल गेली होती. अजून खोल जायचं तर पायऱ्या पाडत, हळूहळू, खर्च करत जावं लागतं. त्यापेक्षा टेकडीचा पश्चिमेचा उतार सोपा. तो आमच्या बाजूचा, त्याच्या पायथ्याशी चुना लावलेले दगडांचे ढीग आहेत. तेवढी जागा खाणीला जोडून मिळावी म्हणून शेठने अर्ज केला होता, आणि त्यावर आमच्या ग्रामसभेचं मत घ्यायचं होतं.

“काय सांगायला सांगितलंय?” सासूबाईंनी विचारलं. त्या शेळ्या सोडून हात पुसत आत आल्या होत्या. माझ्या सासूबाई रतनबाई. चांदभाई त्यांना वहिनी म्हणतात, आणि त्या चांदभाईंना जे मनात येईल ते म्हणतात.

“म्हनले, नवं कायबी न्हाई म्हनून सांग. पांढऱ्या ढिगापातूर तर आधीपासून खाणीचंच हाय. तेवढ्यापातूरच मागतोय. लोकांनी हात वर करावा.”

“मग त्यात सांगायचं काय?” सासूबाई म्हणाल्या. “त्या ढिगापातूर खाणीचंच हाय की. समद्यास्नी ठावं हाय.”

चांदभाईंची बशी तोंडाजवळ गेली होती, ती तशीच राहिली.

“काय म्हनला, वहिनी?”

“आता कान फुटलं का पुन्हा? म्हनलं, ढिगापातूर खाणीचं हाय.”

“कोन म्हनलं तुमाला?”

“कोन कशाला म्हनायला पायजे? ढीगच तर हायत हद्दीचे!”

चांदभाईंनी बशी खाली ठेवली. चहा सांडला तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “वहिनी,” ते म्हणाले, “ते ढीग माझे हायत.”

इथे मला जरा मागे जायला हवं. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधी, खाण टेकडीच्या माथ्याजवळ होती. तेव्हा बार उडाला की दगड माथा ओलांडून आमच्या बाजूला येऊन पडत. असाच एक दगड सासूबाईंच्या शेळीला लागला आणि तिचा पुढचा पाय मोडला. ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की त्या शेळीचं तोंड मला डोळ्यांसमोर दिसतं. सासूबाईंनी ती शेळी उचलली, तशीच खाणीवर नेली आणि चांदभाईंच्या हातात दिली. “घे. आता तूच चार हिला.” आणि खरंच, चांदभाईंनी कामट्या बांधून, हळद लावून ती शेळी बरी केली. लंगडीच राहिली, पण व्याली. आमच्या दावणीच्या आजच्या शेळ्या तिच्याच लेकी-नाती.

शेळी परत आणून दिली त्या दिवसापासून चांदभाईंनी लाल फडकी लांब रोवायला सुरुवात केली. बाराच्या दिवशी फडक्याच्या आत माणूस-जनावर जायचं नाही, असा दंडक. दर वेळी खडकात काठी कुठे रोवणार? म्हणून त्यांनी दगडांचे ढीग रचले, त्यांत काठी उभी करायची. ढीग गवतात दिसेनात म्हणून ईदला घराला चुना लावताना उरलेला चुना ढिगांना लावला. मग आणखी कुणाचं शेरडू दगडातून थोडक्यात वाचलं, की ढीग आणखी खाली. उताराच्या पार पायथ्यापर्यंत ते आले. त्यामागे फक्त काळजी होती. पण बाराच्या दिवशी न जाणारे लोक इतर दिवशीही जायचे थांबले. मग खाण पूर्वेला खोल उतरली, दगड इकडे यायचे बंद झाले, तरी ढीग होते तिथेच राहिले, आणि चांदभाई सवयीने त्यांना दरसाल चुना लावत राहिले.

माझ्यासारखीने तर तो उतार कधी तुडवलाच नव्हता. मी आले तेव्हापासून ढिगांच्या पल्याड खाण, एवढंच मला माहीत. इतकंच काय, आमच्या शेळ्यासुद्धा चरत चरत ढिगांपाशी गेल्या, की आपल्या आपण माघारी वळतात.

“पण वहिनी, तुमी तर तिथं गवत कापायच्या,” चांदभाई म्हणत होते. “नव्या नवरी हुता तवा. पवन्याच्या गवताचे भारे आनायच्या. अन् खालच्या अंगाला तो झिरा. तिथं पानी भरायला बायांची रांग लागायची, आठवतंय का?”

सासूबाई बसल्या.

“झिरा,” त्या म्हणाल्या. “व्हय की गं बाई. वाटीनं पानी भरायचो आमी. उन्हाळ्यात गारेगार. मी इसरलेच हुते.”

मग घरोघर बोअर झाल्या, त्या आटल्या, मग टँकर आला. झिऱ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. पण वस्तीची जुनी विहीर अजून चैत्रात तळ दाखवत नाही, ती त्याच उताराच्या पोटात मुरलेल्या पाण्यावर. पूर्वेला खाण खाली गेली तशी तिकडच्या मळ्यातली विहीर आटली होती. कुणाचा दोष ठरला नाही. विहीर मात्र आटली ती आटलीच.

चांदभाई काठीच्या आधाराने उठले. “मी तीन घरी सांगून आलो,” ते म्हणाले. “तिन्ही घरी लोक व्हय म्हनले. मला वाटलं, शेठचं काम हाय म्हनून व्हय म्हनत्यात. त्यांना खरंच तसं वाटतंय, हे आत्ता कळलं.”

पुढच्या घरी ते गेले नाहीत. आल्या वाटेने परत गेले.

दोन-चार दिवसांनी जरीनाचाची दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांना मी गाठलं. म्हटलं, चाचा दिसले नाहीत.

“दिसतील कसे? तोंड लपवून बसल्यात,” चाची म्हणाल्या. “मी म्हनलं, तुमीच रचले तर तुमीच उचला. तर पहाटे खरंच गेले, अन् एक ढीग उतरवाया लागले. मुनीमानं धरलं. म्हनतो, भाई, हद्दीचे दगड सरकवता व्हय? पोलिसात देऊ का?” चाचींना बोलता बोलता हसू फुटलं. “घरी येऊन म्हनत्यात, जरीना, ढीग माझे, चुना माझा, अन् चोरबी मीच!”

“मग आता?”

“आता काय. शेठचं मीठ खाल्लंय, अन् तुमच्या समद्यांच्या घरचा च्या प्यालाय. रात रात कूस बदलत्यात. मी म्हनलं, चूल बंद करा म्हनून कोन म्हनतंय? चुलीपायी छप्पर जाळू नका, एवढंच बोला.” मग डोक्यावरचं दळण सावरत त्या थांबल्या. “पन शेठनी काढून टाकलं तर ह्या वयाला, ह्या कानानं, दुसरं काम कोन देईल गं?”

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. बायका भिंतीच्या कडेला, आम्ही सासू-सुना त्यांत. अर्ज वाचून दाखवला गेला. गोरक्षशेठ उठले. ते खोटं काही बोलले नाहीत. म्हणाले, “कागदावर ती जमीन गायरान आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण गावानं ती कधीच सोडलीय. कुणाचं ढोर तिकडं जात नाही. मोकळी पडलेली जागा रस्त्याच्या कामाला आली तर बिघडलं कुठं? ज्या खोलीपुढं आपण बसलोय, तिचा स्लॅब कुठल्या खडीचा आहे?”

लोकांनी माना हलवल्या. खरंच होतं ते. आमच्याही घराचा पाया त्याच खडीचा. आणि ढिगांपर्यंत खाणीचंच, मग आपलं जातंय काय, असाच सगळ्यांचा समज. एकेक हात वर व्हायला लागला.

तेवढ्यात चांदभाई मागून पुढे आले. काहीतरी बोलले, पण गलका इतका, की कुणाला कळलं नाही. पुन्हा बोलले. कुणीतरी ओरडलं, “बसा भाई, तुमचा हात धरलाय मोजणीत!” हशा झाला.

चांदभाईंनी काठी वर केली आणि समोरच्या टेबलावर वाजवली. टक-टक. टक.

सगळं पटांगण गप्प झालं. मी खोटं सांगत नाही. माझ्या शेजारणीने पोराला ओढून मांडीवर घेतलं, भीमाबाई निम्म्या उठल्या, आणि सासूबाई तर शाळेच्या छपराकडे बघायला लागल्या. मग सगळे एकमेकांकडे बघून ओशाळले.

“आज बार न्हाई,” चांदभाई म्हणाले. “बसा.”

आणि मग ते बोलले. ढीग कुणी रचले, कशासाठी रचले, लंगड्या शेळीपासून सगळं. “मी तुमाला भ्यायला शिकवलं,” ते म्हणाले. “चांगल्यासाठी शिकवलं. पन बाराच्या दिसापुरतं भ्यायचं हुतं. तुमी जन्माचं भ्यालात. ती माझी हद्द न्हाई, शेठची न्हाई. तो निस्ता चुना हाय. दगड तर लागनारच, मी काय खाण बंद करा म्हनतोय व्हय? माझंबी प्वाट त्याच्यावर हाय. पूर्वेला पायऱ्या पाडून खाली जा, येळ लागंल, खर्च लागंल, पन दगड हाय तिथं. ह्या अंगाला पानी हाय. पानी रचून ढीग करता येत न्हाई.”

मध्येच कुणीतरी म्हणालं, “भाई, पुरे आता.” चांदभाईंना ते ऐकू आलं नाही. खरंच आलं नाही की काय, देव जाणे.

गोरक्षशेठ उठले तेव्हा त्यांचा चेहरा रागापेक्षा दुखावल्यासारखा होता. “चांदभाई, मी तुम्हाला काय कमी केलं?”

“कायबी कमी न्हाई केलं, शेठ. म्हनून तर तुमच्या तोंडावर बोललो.”

“बरं, ढीग तुमचे. मान्य. पण मला एक सांगा, आज, ह्या घडीला, त्या उताराचा उपयोग कोण करतंय? कुणाची एक शेळी तरी तिथं चरते का?”

शेवटी असं ठरलं, की तालुक्याहून साहेब येऊन जागा बघतील, वापरात आहे की पडीक आहे ते ठरवतील, आणि तोवर कुणी हात वर करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने चांदभाईंना निरोप धाडला, की थोडे दिवस घरी विश्रांती घ्या, आम्ही भोंगा बसवतोय. कामावरून काढलं असं कुणी म्हणालं नाही. काठीचं लाल फडकं मात्र मुनीम येऊन घेऊन गेला.

भोंगा वाजला त्या पहिल्या दिवशी मी कणीक मळत होते. आवाज मोठा होता, टेकडीला धडकून घुमत होता. पण हात कणकेतून निघेनात. दार वाजलं नव्हतं ना. बरणी फळीवरच. भीमाबाई ओट्यावर बसून लसूण सोलतायत. कसला आवाज म्हणून पोरं बघायला बाहेर पळाली.

आणि मग दार वाजलं. टक-टक. टक. चांदभाई धापा टाकत होते. हातात नुसती काठी.

“बरणी उतरव, सूनबाई.”

“चाचा, तुम्हाला तर घरी बसायला…”

“बरणी!”

मी बरणी उतरवली. ते पुढच्या दाराकडे निघाले, जाता जाता म्हणाले, “भोंगा बोलतो नुस्ता. कोन ऐकतंय का, ते बघाया थांबत न्हाई.”

टेकाडावर हलवायला त्यांच्याकडे फडकं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हलवली. खाली मुनीमाने ती पाहिली असावी. बार त्यानंतरच उडाला.

ग्रामसभेनंतर वस्तीत उताराबद्दल बोलणं खूप झालं. आपलंच गायरान, गेलं पाहिजे, जनावरं सोडली पाहिजेत. पण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. भीमाबाई एक दिवस मोठ्या तावात गाय घेऊन गेल्या. ढिगापाशी गाय थांबली, त्यांच्याही पायांना पुढे जाववेना. परत आल्या आणि म्हणाल्या, “गायीला तहान लागली हुती.” कुणी हसलं नाही. मीही एकदा पाणी भरून येताना ढिगापर्यंत गेले होते. पल्याड तसंच कुसळाचं गवत, तसेच तरवड, कुठे काही वेगळं नाही. तरी पाऊल उचललं आणि तिथेच ठेवलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या काठीवर भरवसा ठेवून आपण बरण्या उतरवल्या, त्याचंच “जाऊ नका” पायात भिनलेलं होतं. त्याच माणसाने “जा” म्हटलं म्हणून ते एका दिवसात निघणार कसं?

सासूबाई तर विषयच काढू देत नव्हत्या. “एक शेळी मोडून झालीया माझी,” एवढंच म्हणायच्या.

साहेब उद्या सकाळी येणार, असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून आलं. त्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला मी दिवा लावत होते. दिशा अभ्यासाला बसली होती. दार वाजलं. टक-टक. टक.

माझा हात आपसूक निळ्या बरणीकडे गेला. ती निम्मी खाली आली, तेव्हा लक्षात आलं, की ह्या वेळी बार नसतो. मी बरणी तशीच कडेवर घेऊन दार उघडलं.

चांदभाई होते. टोपी नीट बसवलेली, सदरा धुतलेला. जरीनाचाची त्यांच्या मागे उभ्या होत्या. चाची कधी बरोबर येत नाहीत.

“या, आत या.”

“आत न्हाई. वहिनी कुठं हायत?”

सासूबाई परसातून आल्या. शेळीचं दावं हातातच होतं, आणि दाव्यामागे ती काळी शेळी, लंगडीची नात, दारातून डोकावत होती. चांदभाईंनी तिच्या कपाळावर हात फिरवला. तिनेही तो फिरवू दिला, नाहीतर ती परक्याला शिंगावर घेते.

“भाई, मी पयलंच सांगते,” सासूबाई म्हणाल्या, “ते ढिगाचं काय बोलायचं आसंल तर…”

“तेच बोलायचं हाय.”

“मग च्या पी अन् जा.”

“वहिनी, उद्या बार न्हाई. परवाबी न्हाई. मी मुनीमाला इचारून आलो. शेठलाबी भेटलो.”

“शेठ काय म्हनला?”

“म्हनले, साहेब बघतील ते खरं. माझ्या डोळ्यादेखत एक जरी जनावर तिथं चरलं, तर मी पूर्वेलाच खाली उतरतो.” चांदभाई जरा थांबले. “शब्द दिलाय त्यांनी. पाळतील. मानूस तसा हाय.”

“मग भीमीला सांग. तिची गाय हाय.”

“भीमाबाईंची गाय ढिगापासनं फिरली. समद्यांची जनावरं फिरत्यात. आज दुपारी मी स्वतः एक बोकड नेऊन बघितला. मी रचलेल्या ढिगाला बोकडबी घाबरतो, वहिनी, आता काय सांगू.” मागे जरीनाचाची पदराने तोंड झाकून हसल्या, पण डोळे हसत नव्हते.

सासूबाईंनी दाव्याचा पीळ बोटाभोवती गुंडाळला, सोडला. “अन् दगड आला तर?”

“खाण आता पलीकडं लई खोल गेली. इकडं दगड याया त्याला पंख फुटाया पायजेत. तरीबी तुमी म्हनाल तर मी तुमच्या अन् खाणीच्या मधी उभा ऱ्हातो. सकाळधरनं.”

दिशा पाटी-पुस्तक सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. बाहेर उजेड कमी होत होता, आणि उतारावरचे ढीग तेवढे अजून पांढरे दिसत होते.

चांदभाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून समोर धरले. इतक्या वर्षांत त्यांना आमच्या दारात काठीशिवाय उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“तुमच्या शेळ्या तुमच्या मागनं कुठंबी येत्यात, वहिनी. माझं एवढंच मागनं हाय. उद्या सकाळी साहेब यायच्या आधी, तुमी पुढं व्हा, अन् शेळ्या ढिगाच्या पल्याड चरायला न्या.”